धुतलेली कोकरं

त्या दिवशी आमच्या वसरीत कोण कोण व्हतं ते आधी सांगते. मालक व्हते, खांबाला टेकून, पटका काढून मांडीवर ठेवलेला. आत्याबाई, म्हंजे मह्या सासूबाई, उंबऱ्यात. त्यांच्या मांगं आमची पोरगी, चार-पाच वर्षाची, आजीचा पदर धरून. महा धाकटा भाऊ बाजंवर, हातात फटफटीची चाबी. त्यो मला माहेरी न्यायला आल्ता. धाकटी, म्हंजे मही सवत, पोरगी तिच्याच पोटची, ती अंगणात कोकरापाशी. अन् मी भिताडाच्या कडंला घोंगडीवर. बाजूला मही ट्रंक, दोरीनं बांधलेली. शेजारणी बी आल्त्या, पण आत्याबाईनं त्यांना वाटं लावलं.

अंगणात कोकरं वरडून राह्यली व्हती. भुकेनं.

ते सारं मला सपनावानी आठवतं. ऊन असं पिवळं पडलं व्हतं की कोणी हळद सांडली अंगणात. माणसं बोलायची, त्यांची तोंडं हलायची, अन् बोलणं मह्यापस्तोर उशिरानं यायचं. हिरीच्या तळाला उतरल्यावर वरच्या माणसाचं बोलणं येतं ना, तसं. मी तिसरी शिकलेली बाई हाये, मला सजवून सांगता येत न्हाई. जसं दिसलं तसं सांगते.

आमचं घर मेंढरांचं. बदनापूरच्या अलीकडं, काळ्या रानात. सासऱ्याच्या टायमाला कळप मोठा व्हता, मेंढरं घेऊन दूर दूर जायचे. मालकाच्या टायमाला चरायचं रान कमी झालं, जिकडं पाहावं तिकडं कपाशी अन् मोसंबीच्या बागा. मंग कळप बी लहान झाला. पण घर चालायचं मेंढरावरच.

मी लगीन होऊन आले तव्हा शहाणी बी झाले नव्हते. पुढं लेकरू काही झालं न्हाई. देव झाले, धागे झाले. जालन्याला नेऊन तपासणी केली, ती बी महीच. डॉक्टरीण म्हणली, हिच्यात दोष दिसत न्हाई, वाट पहा. वाट पाहून पाहून आत्याबाई दमल्या. एक दिस घरात गूळ आला, हिरवं लुगडं आलं, अन् ते महं नव्हतं. तव्हा मला कळलं की दुसरी यायलीय.

आमच्या घरात अशी रीत की दुसरी आणली तर तिला उंबऱ्यात घ्यायचं पहिलीनं. भाकरीचा तुकडा ववाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, अन् हाताला धरून चुलीपस्तोर न्यायचं. पहिलीनं हात धरला म्हंजे तिची ना न्हाई, असं जमलेली माणसं समजतेत. मी हात धरला. तिचा हात गार व्हता. सतरा-अठराची पोर. मालक तव्हा चाळिशीला आल्ते. मला राग आल्ता, न्हाई कशाला म्हणू. पण तेवढा राग त्या एवढ्याशा हातावर कुठं ठेवावा ते समजंना. म्हून मी त्यो आपल्यापाशीच ठेवला.

मंग घरात दोन चुली झाल्या. एक दिस मालक मह्या चुलीवर जेवायचे, एक दिस तिच्या. निजायचं बी तसंच ठरल्तं, पण ते वरीसभरात मोडलं. मह्या पाळीला येऊन बसायचे, कोणती मेंढी लंगडती, कोणती गाभण हाये ते बोलायचे, अन् घोंगडी घेऊन वसरीत निघून जायचे. मालक वाईट माणूस नव्हते. कव्हा हात उचलला न्हाई. मी लोकाला सांगायची, महं बराबर चाललंय. भाकरी थापता थापता हात मंदीच थांबायचा, तेवढंच.

धाकटी मला पहिल्या दिसापासून अक्का म्हणायची. तोंडानं मोठी फटकळ. एकदा मह्यापुढं येऊन कमरेवर हात ठेवून उभी राह्यली.

"अक्का, मह्या पाळीच्या दिशीच बरा तुमी ठेचा रगडता."

"मंग?"

"मंग काय. वास येतो ना तिकडं. ह्ये मह्या ताटावर बसतेत अन् तुमच्या चुलीकडं पाहतेत."

"पाहू दे की. पाहायला काय पैसे पडतेत?"

"तुमाला न्हाई पडत. मह्या पिठल्याचा अपमान व्हतो."

असं म्हणली अन् तीच हसली. मंग मह्या पाट्यावरचा ठेचा वाटीत घेऊन गेली. आमच्यात भांडणं लई झाली, लुगड्यावरून, पाण्याच्या घागरीवरून. आठ आठ दिस बोललो न्हाईत. तरी दिसभरात बोलायला दुसरं व्हतं कोण? मालक रानात, आत्याबाई जपात.

तिला पोरगी झाली. आत्याबाईला पोरगा पाहिजे व्हता, त्यांनी तोंड फिरवलं. धाकटी पायानं चपळ, म्हून बाळंतपणातून उठली की मेंढरामांगं जायला लागली, अन् पोरगी मह्यापाशी. तिला ती 'माय' म्हणायची, मला 'मोठी माय'. रोज मह्या कुशीत निजायची. तिच्या डोक्याला दुधाचा अन् धुळीचा वास यायचा. त्या वासात मला अशी झोप लागायची की सकाळी उठल्यावर मी कुठं हाये ते कळायला येळ लागायचा. सुख म्हणतेत ते मला तेवढंच ठावं हाये.

मंग एका साली पोरगी सारखी तापायला लागली. ताप उतरायचा, परत चढायचा. कोण्या बाईनं आत्याबाईच्या कानात घातलं की जिची कूस उजवली न्हाई तिच्या कुशीत लेकरू निजवू नये, तिच्या अंगाचं लागतं. आत्याबाई मला काही म्हणल्या न्हाईत. संध्याकाळी आल्या, पोरगीची वाकळ उचलली अन् आपल्या बाजंवर नेऊन टाकली.

"आता मोठी झाली. आजीपाशी निजू दे."

बस. तेवढंच. अन् मही झोप गेली.

झोप गेली की माणूस मरत न्हाई, पण जागं बी राहत न्हाई. मी दिसा चालायची तर पायाखाली जमीन मऊ लागायची, कापसाच्या गंजीवर चालल्यावानी. बाया हाका मारायच्या अन् मला वाटायचं दुसऱ्या कोणाला मारून राह्यल्यात. जेवण तोंडात घोळायचं, खाली उतरायचं न्हाई. कव्हा कव्हा अंगणात बसलं की मला मीच दिसायची, पलीकडं बसलेली, डोक्यावर पदर घेऊन, मह्याकडं पाठ करून. मी तिला हाक मारत नव्हते. ती वळून पाहील म्हून भ्या वाटायचं.

अन् वास. मला मह्या हातांचा वास यायला लागला. कशाचा ते धड सांगता येत न्हाई. बंद पडलेल्या हिरीचा, साचलेल्या पाण्याचा. राखेनं घासले, लिंबानं घासले, हाताची सालं निघाली. वास काही जाईना. आत्याबाईनं तोंडावर म्हणलं नव्हतं, पण मला सारं कळलं व्हतं. पोरगीला ह्योच लागला असंल, असं मनानं घेतलं.

एक दिस धाकटीच्या नाकापाशी हात नेला. "ह्याला कशाचा वास येतो गं?"

तिनं हुंगला. "कांद्याचा."

"अजून?"

"अजून कांद्याचाच. दोन कांदे चिरलेत तुमी, अक्का."

ती हसली. मी हसले न्हाई, तव्हा तिचं बी हसू गेलं. तिनं महा हात धरून उलटा-पालटा करून पाह्यला. सोललेली बोटं पाह्यली.

आता आमच्या कामाची एक गोष्ट सांगते, न्हाईतर पुढचं समजायचं न्हाई. मेंढरं दिसभर रानात जातेत अन् नवी कोकरं घरी, कुडाच्या वाड्यात कोंडून राहतेत. दिस मावळायला मेंढरं परत आली की वाड्याचं दार काढायचं. मंग आया वरडत आत घुसतेत, कोकरं वरडत बाहेर येतेत, सारा धूळ-धूळ कल्ला. मेंढी आपलं कोकरू डोळ्यानं वळखत न्हाई. त्याच्या शेपटापाशी नाक नेऊन हुंगती. आपलं असंल तर पाय फाकून उभी राहती, दुसरीचं असंल तर ढुशी मारती. ज्या कोकरांना माय सापडत न्हाई त्यांना माणसानं लावून द्यायचं. ते काम मह्याकडं, लगीन झाल्यापासून. कोणतं कोण्या मेंढीचं ते मला तोंडावरून कळायचं. दुसऱ्याला सारी सारखीच काळी दिसायची.

त्या साली मेंढ्या व्यायल्या व्हत्या. सकाळी मेंढरं घेऊन मालक अन् धाकटी रानात गेली. आत्याबाई पोरगीला घेऊन देवळात. वाड्यात मी अन् कोकरं. ती मह्याभोवती जमली, मही बोटं चोखायला लागली. रोजच चोखायची. पण त्या दिशी मह्या मनात आलं, आता ह्यांना बी लागला. आता ही बी तापतील.

घरात कापडं धुवायचा निळा साबण व्हता. मी हौदातून पाणी काढलं. ऊन चांगलं पडलं व्हतं. एक एक कोकरू मांडीवर घेतलं, साबण लावला, पोट, पाठ, शेपूट, कानामागचं सारं चोळून चोळून धुतलं. फेसावर उन्हाचे रंग हलायचे. कोकरं आधी लाथा झाडायची, मंग गप व्हायची, मह्या तोंडाकडं पाहत राहायची. लई दिसांनी महं मन थंड झालं. कानातला गलका थांबला. एका मांगं एक, एका मांगं एक, सारी धुऊन झाली अन् कडब्यावर उन्हात उभी केली. चकचकीत काळी, अंगातून वाफ निघून राह्यलेली, साबणाचा वास सुटलेला. मला वाटलं, झालं. आता ह्यांच्या अंगावर महं काही राह्यलं न्हाई.

त्यांचं बी काही राह्यलं नव्हतं.

दिस मावळायला मेंढरं आली. आया पळत आत शिरल्या. हुंगलं, अन् मांगं सरल्या. दुसरं हुंगलं, तिसरं हुंगलं. मंग ढुश्या मारायला लागल्या. ज्या कोकरानं सकाळी जिचं दूध पिलं तीच त्याला फेकून द्यायली. आया कोकरू हुडकत वरडायच्या अन् कोकरू त्यांच्याच पायात पडलेलं. मालकानं एक उचललं, नाकाशी नेलं. मह्याकडं पाह्यलं.

"साबण?"

मी मान हलवली. त्यांनी कोकरू खाली ठेवलं अन् डोक्यावरचा पटका काढला. ते कोणी मेल्यावरच तसा काढायचे.

त्या संध्याकाळी कोणतंच लागलं न्हाई. सकाळी एक कोकरू मरून पडलं, मेंढरं रानात नेलीच न्हाईत. मालक गावात गेले अन् तिथल्या फोनवरून मह्या भावाला निरोप दिला की घेऊन जा. दुपारी भाऊ भोकरदनकडून फटफटीवर आला. असं ते सारे वसरीत जमले व्हते.

भाऊ म्हणला, "दाजी, किती दिसाकरता न्यायचं?"

"बरी व्हईस्तोर," मालक म्हणले.

आत्याबाई म्हणल्या, "बरं व्हायला आजार असावा लागतो, बाप्पा. हे आजाराचं न्हाई. आमच्या घरात लेकरू हाये. काल कोकरं धुतली, उद्या..." त्या थांबल्या अन् पोरगीला जवळ वढलं.

"मावशी, मह्या घरात बी लेकरं हायेत," भाऊ म्हणला. चाबी बोटात फिरवायला लागला. महा भाऊ जीवाचा चांगला, पण त्याच्या बायकोनं येतानाच त्याला सांगून धाडलं असंल.

"तर एखाद्या देवाच्या ठिकाणी नेऊन बसवा. तिकडं ठेवून घेतेत अशा बायांना," आत्याबाई म्हणल्या.

"तिथं साखळीनं बांधतेत म्हणे."

"बांधलं तर इकडं तिकडं जायची न्हाई," आत्याबाई म्हणल्या. त्यांना ते वाईट वाटत नव्हतं. त्यांना ती सोय वाटत व्हती.

मी ऐकून राह्यले व्हते. ज्या बाईचं चाललंय ती कोणी दुसरीच हाये असं वाटायचं. उन्हाच्या तिरपीत लोकरीचे बारीक तुस उडत व्हते, वर जायचे, खाली यायचे, कुठंच टेकत नव्हते. मी ते पाहत व्हते. मला दिसत व्हतं, मी फटफटीवर मांगं बसलेय, मांडीवर ट्रंक, अन् घर लहान व्हत चाललंय, लिंबाचं झाड लहान, पोरगी लहान, येवढी येवढी. रडू आलं न्हाई. फक्त पोरगीचं डोकं एकदा हुंगायला मिळंल का, तेवढं मनात आलं, अन् मंग ते बी गेलं.

तव्हाच धाकटी अंगणातून वर आली. काखेत एक कोकरू. मालकाच्या अन् भावाच्या मंदातून, कोणाकडं न पाहता आली. अशी ती कव्हा बापयांपुढून जायची न्हाई. कोकरू मह्या मांडीत टाकलं.

"अक्का, हे कोणाचं?"

मही नजर त्या उडत्या तुसांवरच व्हती.

"मला एक बी वळखू येत न्हाई. साबणानं सारी एकसारखी केलीत तुमी. सांगा जल्दी, हे बी मरायला लागलंय."

मालक म्हणले, "तिला काय इचारती वं? तिनंच तर..."

"बरं, तुमाला इचारते. सांगा, कोणाचं?"

मालक खांबाकडं पाहायला लागले. त्यांचा जनम मेंढरात गेला, पण तान्ही कोकरं त्यांना बी वळखू येत नव्हती. ते बायाचं काम.

कोकराचं अंग गार पडायलं व्हतं. त्यानं मान मह्या हातावर टाकली. मी त्याचं तोंड वर केलं. कपाळ रुंद, डावा डोळा उजव्यापेक्षा जरा खाली. तशीच त्याची माय व्हती.

"फाटक्या कानाचीचं," मी म्हणले.

आवाज लई लांबून आला, पण आला. किती दिसांनी बोलले व्हते कोणास ठाऊक.

धाकटी उठली, फाटक्या कानाची मेंढी वढत अंगणात आणली. तिच्या सडातून थोडं दूध काढलं, ते कोकराच्या पाठीला चोळलं, शेपटाला चोळलं. मेंढीच्या मानंची तेलकट लोकर हातानं घासली अन् त्योच हात कोकराच्या अंगावरून फिरवला. मंग मेंढीचं डोकं मांडीत दाबून धरलं. मेंढीनं नाक नेलं, मांगं घेतलं. लाथ मारली. परत नेलं. वसरीतले सारे तिकडंच पाहत व्हते, आत्याबाई बी. मेंढी लई येळ हुंगत राह्यली. मंग पाय फाकून उभी राह्यली अन् कोकरू गुडघ्यावर बसून प्यायला लागलं.

धाकटी हात पदराला पुसत वर आली. मह्या घोंगडीवर, मह्या अंगाला अंग लावून बसली.

"अक्का, तुमाला जायचंय का?"

कोणी तरी खोकललं. ते इचारणं मह्यापस्तोर यायला येळ लागला. येऊन पोचलं तरी मला समजंना की ते मला इचारलंय. जनमात असं कोणी इचारलं नव्हतं. लगीन करायचं का, दुसरी आणायची का, पोरगी उचलून न्यायची का. ती थांबली. परत इचारलं न्हाई, हलवलं न्हाई, नुसती थांबली.

"न्हाई," मी म्हणले.

"झालं मंग." ती मह्या भावाकडं वळली. "भाऊ, चहा ठेवते, घ्या अन् जावा."

"तू कोण गं ठरवणारी?" आत्याबाई उंबऱ्यातून म्हणल्या.

"मी कोणीच न्हाई, आत्याबाई. पण अक्का गेल्या की त्यांची चूल मोकळी. मोकळी चूल तुमी किती दिस ठेवणार? मला तर पोरगीच झाली. मंग तिसरी आणत्याल, अन् उंबऱ्यात तिचा हात धरायला मला उभी करत्याल. ते मह्याच्यानं व्हणार न्हाई. अक्का राहतेत तर मी राहते. न्हाईतर भाऊच्या फटफटीवर आमी तिघी मावतो का पाहा."

भावानं खरंच एकदा फटफटीकडं वळून पाह्यलं.

मालकानं मांडीवरचा पटका उचलला अन् परत ठेवला. त्यांनी तिसरीचं मनात आणलं व्हतं की न्हाई मला माहीत न्हाई. पण त्यांनी 'न्हाई' बी म्हणलं न्हाई. शेवटी म्हणले, "मंग हिचं करायचं काय?"

"दवाखान्यात न्यायचं."

जालन्यात मस्तगडला एका मारवाडी घरी आमी घोंगड्या द्यायचो. तिथली सेठाणी धाकटीसंगं बोलत बसायची. तिनं एकदा सांगितलं व्हतं की तिला बी असंच झाल्तं, झोप न्हाई, भूक न्हाई, भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. नव्या जालन्यात डोक्याचा डॉक्टर बसतो, त्याच्या गोळ्यांनी बरी झाली. आपल्या घरच्यांना मात्र सेठाणीनं सांगितलं की गोळ्या गुडघ्याच्या हायेत.

"वेड्याचा डॉक्टर?" आत्याबाई म्हणल्या. "लोक काय म्हणतील?"

"गुडघ्याचा हाये म्हून सांगू," धाकटी म्हणली, अन् चहा ठेवायला गेली.

भाऊ चहा पिऊन गेला. जाताना मह्या पाया पडला अन् पाह्यलं न्हाई मह्याकडं. मी उठले. वाड्यात जाऊन बसले, अन् धाकटी एक एक कोकरू आणायची, मी सांगायची, हे बांडीचं, हे म्हातारीचं, हे त्या लंगडीचं. दिस मावळला तरी आमी लावतच व्हतो. सारी काही लागली न्हाईत. जी न्हाई लागली ती बाटलीनं जगवली.

मंग आमी दोघी बदनापूरहून रेल्वेनं जालन्याला गेलो. मला खिडकीपाशी बसवलं. बाहेरचं रान पाण्यातून पाहावं तसं सरकत व्हतं. डॉक्टर तरणा व्हता. झोपेचं इचारलं, जेवणाचं इचारलं. मंग हळूच म्हणला, "मरावंसं वाटतं का, आजी?" मी तव्हा आजी नव्हते, पण तशी दिसत असंल.

मी म्हणले, "मरावं न्हाई वाटत. नसावं वाटतं."

त्यानं मान हलवली, समजल्यावानी. मंग धाकटीला इचारलं, "तुमी ह्यांच्या कोण?"

"सवत."

त्याचा पेन थांबला.

"लिहा की साहेब," ती म्हणली. "ते बी नातंच हाये."

त्यो म्हणला, हा आजार हाये, ह्याला नाव हाये, औषध हाये, येळ लागंल. बाहेर आल्यावर धाकटी लई खूष. "आत्याबाईला सांगते, आजार हाये म्हणला. आता बऱ्या व्हा बिनघोर."

एकदम काही बरी झाले न्हाई. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, अंग जड व्हायचं. पूर वसरावा तसं हळू हळू वसरलं. आधी झोप आली, तुकड्या तुकड्यानं. मंग एक दिस भूक लागली, खरी भूक, अन् मी भाकरी नुसतीच खाल्ली उभ्यानं. मंग एक दिस ध्यानात आलं की सकाळपासून हात धुतले न्हाईत. मी नाकाशी नेले. कांद्याचा वास व्हता.

पोरगीची वाकळ धाकटीनंच परत आणली. आत्याबाई बाजंवरून पाहत व्हत्या. धाकटीनं ती मह्यापाशी टाकली, पोरगीला टाकलं, अन् आपण दुसऱ्या अंगाला येऊन पडली. आत्याबाईनं तोंडावर पदर घेतला.

पुढं तिसरी काही आली न्हाई. आत्याबाई गेल्या, काही वर्षांनी मालक गेले. पोरगी लगीन होऊन नव्या जालन्यात राहती, मोबाईलवर रोज तोंड दाखवती. मेंढरं इकली, दोन शेळ्या ठेवल्या. आता एकच चूल हाये, ती बी गॅसची. गोळी मी अजून घेते, अर्धी. धाकटीच मोडून देती.

पोरगीच्या लगनाचा मांडव निघाला त्या दिशीची गोष्ट. पाव्हणे गेले व्हते, आमी दोघी अंगणात बसलो व्हतो. ऊन उतरलं व्हतं. सारं कसं रिकामं अन् हलकं झाल्तं. मह्या मनात आलं की हिनं मला एकदा इचारलं, मी हिला काहीच इचारलं न्हाई.

"धाकटे, तुला ह्या घरात यायचं व्हतं का गं?"

ती हसली. "आता इचारता? पोरगी सासरी गेली, मंग?"

मी थांबले. ती हसायची राह्यली. पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ वढत राह्यली. मला वाटलं उत्तर येत न्हाई आता. दिस लिंबाच्या खाली गेला.

"न्हाई," ती म्हणली.

मंग ती रडली. मी तिला इतक्या वर्षात रडताना पाह्यलं नव्हतं. मालक गेले तव्हा बी नव्हती रडली. तिच्या मावशीनं जमवून आणलं व्हतं ते, तिला गाडीत बसवल्यावर सांगितलं की घरात पहिली हाये. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. गप बस म्हणले न्हाई. नंतर मह्याच डॉक्टरकडं मी तिला घेऊन गेले, चार-सहा खेपा. तिला गोळ्या लागल्या न्हाईत, बोलायला माणूस लागत व्हतं.

ज्याच्या हातात हे पडंल त्याला महं एकच मागणं हाये. तुमच्या घरात एखादी बाई गप झाली असंल, झोपत नसंल, कशाचा तरी ध्यास घेऊन बसली असंल, तर तिच्यादेखत तिचं काय करायचं ते बोलू नका. तिच्यापाशी बसा अन् तिला इचारा, बाई, तुला काय व्हतंय, तुला काय पाहिजे. तिचं उत्तर उशिरा येईल. तवर उठू नका. अन् मंग तिला घेऊन दवाखान्यात जा.